न पुसलेल्या बंदुकीची किंमत

लिलावाच्या टेबलावर एकाच वर्षी बनलेल्या, एकाच मॉडेलच्या दोन रायफली ठेवल्या आहेत. पहिली काळीभोर चमकते आहे. तिच्या लाकडी दस्त्याला ताजं पॉलिश आहे आणि एक ओरखडा म्हणून दिसत नाही. दुसरीचं लोखंड तपकिरी पडलंय, मूळचा निळसर रंग फक्त खाचाखोचांत उरलाय, दस्ता हातांच्या वापराने काळपट झालाय. नवख्या माणसाला विचारलं तर तो पहिलीकडे बोट दाखवेल. मुरलेला संग्राहक मात्र पहिली क्षणभर हातात घेऊन खाली ठेवतो आणि दुसरीसाठी दुप्पट-तिप्पट बोली लावतो. असं का?

पहिली रायफल मागाहून कुणीतरी ‘नवी’ केलेली असते, आणि ती करताना तिच्या अंगावरची दीडशे वर्षांची साक्ष घासून गेलेली असते. जुन्या लिव्हर-ॲक्शन रायफलींच्या बाजारात पैसे मोजले जातात ते या साक्षीसाठी. ही रायफल कारखान्यातून कशी बाहेर पडली, कुणी कशी वापरली, कुणी तिच्यात काय बदललं, हे सगळं तिच्या पृष्ठभागावर आणि पोटातल्या आकड्यांत वाचता येतं. ते वाचायचं तर आधी हे यंत्र काय आहे आणि कुठून आलं, हे समजून घ्यावं लागेल.

शर्टवाल्याची बंदूक

लिव्हर-ॲक्शन रायफल हे मूळचं अमेरिकी अपत्य. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बंदूक म्हणजे एक बार काढायचा आणि पुन्हा भरत बसायचं. एकदा भरून अनेक बार काढता येतील अशी बंदूक करण्याची खटपट अनेकांनी केली. वॉल्टर हंट, लुईस जेनिंग्ज, आणि पुढे रिव्हॉल्व्हरसाठी नावाजलेले होरेस स्मिथ व डॅनियल वेसन यांचे प्रयत्न एकमेकांच्या पायावर उभे राहिले. त्यातून १८५५मध्ये ‘व्होल्कॅनिक’ नावाची कंपनी निघाली. तिच्या गोळीच्या पोकळ बुडातच दारू भरलेली असे. जागा इतकी कमी की मार अगदी दुबळा.

या कंपनीत पैसे गुंतवलेल्यांपैकी एक होता ऑलिव्हर विंचेस्टर. कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन गावात त्याचा पुरुषांचे शर्ट बनवण्याचा कारखाना होता. बंदुकीतलं त्याला फारसं कळत नव्हतं; माणसं आणि बाजार मात्र उत्तम कळत. कंपनी बुडायला लागल्यावर त्याने ती हातात घेतली आणि कारखान्याची सूत्रं बेंजामिन टायलर हेन्री या कुशल कारागिराकडे दिली. हेन्रीने दुबळी गोळी काढून टाकली, तिच्या जागी तांब्याच्या पुंगळीतलं काडतूस आणलं आणि त्याला साजेशी रायफल घडवली. १८६०मध्ये तिचं पेटंट मिळालं. ही ‘हेन्री रायफल’. १८६६पर्यंत अशा सुमारे १४,००० रायफली बनल्या. सहाव्या क्रमांकाची, नक्षीकाम केलेली हेन्री अब्राहम लिंकन यांना भेट देण्यात आली होती. ती आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहात आहे.

लिव्हर खाली, लिव्हर वर

चाप म्हणजे बोटाने ओढायचा भाग. त्याच्याभोवतीचं कडं मागे लांबवून त्यात तीन-चार बोटं मावतील असं केलं की झाला लिव्हर. नळीखाली तिला समांतर दुसरी बारीक नळी असते. हे काडतुसांचं कोठार. काडतुसं त्यात एकामागे एक आडवी बसतात आणि स्प्रिंग त्यांना सतत मागे ढकलत राहते.

बार निघाला की नळीच्या बुडाशी रिकामी पुंगळी उरते. आता लिव्हर खाली ढकलायचा. त्याबरोबर नळीचं बूड बंद करणारा बोल्ट मागे सरकतो, त्याचा आकडा पुंगळी ओढून काढतो आणि ती वरून बाहेर उडते. मागे येणारा बोल्टच घोडा चढवतो. त्याच वेळी कोठारातून आलेलं एक काडतूस घेऊन पितळी ठोकळा उद्वाहकासारखा सरळ वर येतो. लिव्हर पुन्हा वर ओढला की बोल्ट पुढे जाताना ते काडतूस नळीत ढकलतो, ठोकळा खाली बसतो, रायफल तयार. खांद्यावरून न काढता, एका हाताच्या एका हालचालीत.

यातला मर्माचा भाग बोल्टच्या मागचा सांधा आहे. खिळीने जोडलेल्या दोन पट्ट्या. लिव्हर खाली गेला की त्या वाकतात, वर आला की एका रेषेत येतात. आपला गुडघा सरळ असतो तेव्हा पाय अख्ख्या अंगाचा भार पेलतो आणि वाकला की नमतो, तसंच हे. बार उडताना दाब मागे येतो, पण पट्ट्या सरळ असल्यामुळे बोल्ट हलत नाही. फक्त या सांध्याला मर्यादा आहे. काडतूस फार जोरकस असेल तर पातळ पट्ट्या आणि त्यांच्या खिळी तो ताण झेलू शकत नाहीत. पुढच्या तीस वर्षांत मॉडेलं का बदलत गेली, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

हेन्रीच्या काडतुसात पेट घेणारं रसायन बुडाच्या कडेत, सगळ्या बाजूंनी पसरलेलं असे. एका जागी ठोका बसून ते पेटलं नाही तर पंचाईत. म्हणून हेन्रीने ठोका मारणारी टोकं दोन ठेवली, पुंगळीच्या दोन विरुद्ध कडांवर. परिणामी या रायफलीतून उडालेल्या प्रत्येक पुंगळीवर दोन ठसे उमटतात. १८७६मध्ये माँटाना प्रदेशात लिटल बिगहॉर्न नदीकाठी लाकोटा व शायेन या मूळनिवासी जमातींच्या योद्ध्यांनी अमेरिकी सेनाधिकारी कस्टरच्या घोडदळ तुकडीचा पाडाव केला. १९८३मध्ये तिथलं गवत वणव्यात जळून जमीन उघडी पडली, आणि पुढच्या वर्षी पुरातत्त्वज्ञांनी ती पद्धतशीर तपासली. सापडलेल्या पुंगळ्यांवरचे ठसे ताडून पाहिल्यावर स्पष्ट झालं, की योद्ध्यांच्या हाती हेन्री आणि विंचेस्टर जातीच्या रायफली मोठ्या संख्येने होत्या, तर सैनिकांकडे एकेक बार भरायच्या कार्बाइन, म्हणजे आखूड नळीच्या रायफली, होत्या. यंत्रातला एवढासा बारकावा शंभर वर्षांनी इतिहासाच्या बाजूने साक्ष देतो. या छंदाची ओढ मला तरी अशा ठिकाणी सगळ्यात जास्त जाणवते.

एकाच घराण्यातली भावंडं

हेन्रीत एक गैरसोय होती. कोठाराच्या खालच्या बाजूला लांब चीर होती, तिच्यातून माती आत जाई. आणि भरायचं ते नळीच्या तोंडाकडून. नेल्सन किंग याने रायफलीच्या उजव्या कुशीला स्प्रिंगची छोटी झडप केली. काडतूस तिच्यातून अंगठ्याने आत ढकलायचं. चीर बुजली, नळीखाली लाकूड आलं, हात भाजायचा थांबला. ही १८६६ची विंचेस्टर. आता कंपनीलाही ऑलिव्हर विंचेस्टरचंच नाव मिळालं होतं. तिच्या मधल्या अंगाला, ज्यात सारं यंत्र बसतं आणि ज्याला रिसीव्हर म्हणतात, पिवळ्या मिश्रधातूचा सोनेरी रंग होता. म्हणून तिला ‘यलो बॉय’ म्हणू लागले. ऑटोमन तुर्कांनी या मॉडेलच्या ४५,००० मस्केट (लांब नळीच्या लष्करी रायफली) आणि ५,००० कार्बाइन मागवल्या, आणि १८७७मध्ये प्लेव्हनाच्या वेढ्यात रशियन सैन्याला त्यांचा मारा सोसावा लागला.

१८७३च्या मॉडेलात रिसीव्हर लोखंडी झाला आणि काडतूस .४४-४० आलं. आकड्यांचा अर्थ सोपा आहे: सुमारे ०.४४ इंचाची गोळी, ४० ग्रेन वजनाची काळी दारू. पुढे कोल्टने याच काडतुसाचं रिव्हॉल्व्हर काढलं आणि गुराख्याला कमरेच्या व खोगिराच्या हत्याराला एकच काडतूस पुरू लागलं. या मॉडेलच्या ७,२०,०००हून अधिक रायफली बनल्या. १८७६चं मॉडेल म्हणजे तीच रायफल थोराड करून मोठ्या काडतुसासाठी केलेली. कॅनडाच्या घोडेस्वार पोलिसांनी ती वापरली. सांध्याची मर्यादा मात्र तिच्यातही होतीच.

ती ओलांडली जॉन मोझेस ब्राउनिंगने. युटातल्या ऑग्डेन गावच्या या तरुणाने पट्ट्यांचा सांधाच काढून टाकला आणि बोल्टच्या दोन्ही अंगांना वर-खाली सरकणाऱ्या जाड पोलादी अडसरांनी तो कुलूपबंद केला. १८८६चं मॉडेल या रचनेवर बनलं. १८९२चं तिचंच लहान रूप. १८९४च्या मॉडेलसाठी वर्षभराने धूररहित दारूचं .३०-३० काडतूस आलं आणि ती अमेरिकेतल्या हरणाच्या शिकाऱ्यांची घरची रायफल झाली. सत्तर लाखांहून जास्त बनल्या.

कोठाराच्या नळीत एका काडतुसाचं टोक पुढच्याच्या बुडाला टेकतं. टोकदार गोळी असेल तर धक्क्याने पुढचं काडतूस आतच उडायचं. म्हणून या सगळ्या रायफलींच्या गोळ्या बोथट. टोकदार गोळी हवी असेल तर कोठार बदलणं आलं, आणि १८९५च्या मॉडेलात ब्राउनिंगने ते पोटाखालच्या पेटीत आणलं. रशियाने पहिल्या महायुद्धात या मॉडेलच्या तीन लाखांच्या आसपास रायफली घेतल्या. थिओडोर रूझवेल्ट यांनी .४०५ काडतुसाची १८९५ आफ्रिकेत नेली होती. आपल्याकडे बंगळुरूचे शिकारी-लेखक केनेथ अँडरसन यांचीही आवडती रायफल हीच, .४०५ विंचेस्टर. मार्लिन आणि सॅव्हेज या कंपन्यांच्या लिव्हर-ॲक्शन रायफलीही जमवण्याजोग्या आहेत, आणि गुणांच्या मानाने अजून स्वस्त मिळतात. मार्लिनच्या बऱ्याच रायफलींत पुंगळी बाजूने बाहेर पडते, सॅव्हेज १८९९मध्ये काडतुसं फिरत्या चकतीत बसतात.

रंग म्हणजे काय?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कारखान्यातून निघालेल्या रायफलीवर रंग चढवलेला नसतो; लोखंडाचाच वरचा पापुद्रा बदललेला असतो. ‘ब्ल्यूइंग’ या क्रियेत लोखंडावर काळ्या-निळ्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर आणतात. एका अर्थाने तोही गंजच, पण आवरात ठेवलेला आणि घट्ट चिकटणारा. तो लाल गंजाला थोपवतो. घोडा, लिव्हर आणि दस्त्याच्या बुडाची पट्टी यांच्यासाठी वेगळी क्रिया होती. हे भाग हाडांच्या व लाकडाच्या कोळशात बंद पेटीत भरून तापवायचे आणि मग त्यांना पाणी द्यायचं. लोखंडाच्या कातडीत कार्बन शिरून ती कठीण होते आणि तिच्यावर निळ्या, तपकिरी, गवती रंगांचे ढगाळ पट्टे उमटतात. दोन रायफलींवर हे पट्टे कधीच सारखे येत नाहीत. १८८६च्या मॉडेलचा सबंध रिसीव्हर सुरुवातीची काही वर्षं असा रंगीत येत असे. उन्हाने आणि हाताळण्याने हे रंग उडून रुपेरी करडे होतात. म्हणून आतल्या बाजूला, झाकलेल्या जागी ते शाबूत असतील तर संग्राहकाला आनंद होतो: बाहेरचे रंग नैसर्गिकपणे उडाले, कुणी घासले नाहीत, असं ते सांगतात.

एवढा पातळ थर परत आणायचा तर आधी गंज आणि खड्डे घासून काढावे लागतात. घासताना धातू जातो. अष्टकोनी नळीच्या धारदार कडा गोल होतात, पत्ता आणि पेटंटच्या तारखा कोरलेली अक्षरं उथळ होतात, स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट होतात. वर मग कितीही सुंदर काळा रंग चढवा, गेलेला धातू परत येत नाही. पिवळ्या रिसीव्हरचंही तेच. घरातली पितळेची भांडी चिंचेने लख्ख करण्याची आपली सवय चांगली. हेन्रीवर मात्र तो प्रयोग करणाऱ्याने हजारो डॉलर पुसून टाकलेले असतात.

चौकट : स्थितीच्या पायऱ्या

अमेरिकेच्या नॅशनल रायफल असोसिएशनने जुन्या बंदुकांसाठी ठरवलेली प्रतवारी बाजारात सर्रास वापरतात. तिचा सारांश असा:

एक्सलंट : सर्व भाग मूळचे, मूळ फिनिश ८० टक्क्यांहून जास्त, अक्षरं-आकडे ठळक.
फाइन : सर्व भाग मूळचे, मूळ फिनिश ३० टक्क्यांहून जास्त.
व्हेरी गुड : भाग मूळचे, फिनिश ० ते ३० टक्के, धातू गुळगुळीत, कडा शाबूत.
गुड : किरकोळ भाग बदललेले चालतात; हलका गंज, साफसफाई किंवा पुन्हा केलेलं ब्ल्यूइंग.
फेअर : काही मोठे भाग बदललेले, अक्षरं पुसट, पण यंत्र चालू किंवा सहज चालू होण्याजोगं.
पुअर : बरंच काही बदललेलं, खूप काम लागणारं.

पुन्हा ब्ल्यूइंग केलेली रायफल ‘गुड’च्या पुढे जात नाही, हे या यादीतलं सगळ्यात उपयोगी वाक्य. अजिबात रंग न उरलेली पण न छेडलेली रायफल तिच्याहून वरच्या पायरीवर बसते. टेबलावरच्या त्या दोन रायफलींचा हिशोब इथे सुटतो.

हात लागला की कळतं कसं?

आधी स्क्रू पाहायचे. कारखान्याने बसवलेल्या स्क्रूच्या खाचा सरळ आणि स्वच्छ असतात. फाटलेली खाच म्हणजे कुणीतरी न बसणाऱ्या पेचकसाने यंत्र उघडलं होतं. ते दुरुस्तीसाठी असेल, बदलासाठीही. मग लाकूड आणि धातू जिथे मिळतात तिथून बोट फिरवायचं. न छेडलेल्या दस्त्याचं लाकूड धातूच्या बरोबरीने किंवा केसभर वर लागतं. सँडपेपर फिरला असेल तर ते धातूच्या खाली गेलेलं असतं आणि बोटाला धातूची कड टोचते. यासाठी ना भिंग लागतं ना पुस्तक, आणि माझ्या मते नवशिक्याने पहिल्यांदा हीच परीक्षा शिकावी.

त्यानंतर आकडे. हेन्रीवर क्रमांक नळीच्या वरच्या पैलूवर असतोच, शिवाय दस्त्याखाली लपलेल्या धातूच्या पट्टीवर, दस्त्याच्या लाकडाच्या आत आणि बुडाच्या पट्टीवरही असतो. चारही जुळले तर दस्ता मूळचा. पुढच्या मॉडेलांत, खास मागणीवरून बनवलेल्या उंची रायफलींवर जुळणीचे वेगळे क्रमांक अशाच झाकल्या जागी ठोकलेले असत. १८७३च्या पहिल्या घडणीत वरचं धूळझाकण रिसीव्हरमधल्या खाचांत सरकतं, नंतरच्या घडणीत त्यासाठी वेगळा रूळ आहे. सुरुवातीच्या क्रमांकाच्या रायफलीवर नंतरच्या घडणीचं झाकण दिसलं तर जोडतोड झालेली आहे.

नक्कल ही स्वतंत्र डोकेदुखी आहे. इटलीतली उबेर्टी ही कंपनी गेली कित्येक दशकं हेन्री, १८६६ आणि १८७३च्या उत्तम प्रतिकृती उघडपणे त्या म्हणूनच विकते. लबाडी करतो तो मधला माणूस. इटालियन तपासणीचे ठसे घासून, आम्लाने गंज आणून तो तिला ‘जुनी’ करतो. मूळनिवासी योद्ध्यांच्या रायफली म्हणून पितळी खिळ्यांनी सजवलेल्या बंदुकांना मोठी किंमत येते, आणि खिळे तर कुणीही कधीही ठोकू शकतं. जुने खिळे डोक्यापासून टोकापर्यंत एकसंध ओतलेले, चौकोनी दांड्याचे असत. पितळी टोपीखाली पोलादी दांडा दिसला तर खिळा अलीकडचा.

कारखान्याच्या वह्या

या बाजाराला शिस्त लावली ती वायोमिंग राज्यातल्या कोडी गावच्या संग्रहालयाने. बफेलो बिल सेंटर ऑफ द वेस्टमधल्या कोडी फायरआर्म्स म्युझियमकडे विंचेस्टर कारखान्याच्या हस्तलिखित वह्या आहेत. शुल्क भरून क्रमांक कळवला की संग्रहालय त्या नोंदीचं पत्र देतं: रायफल, कार्बाइन की मस्केट; काडतूस कोणतं; नळी गोल की अष्टकोनी; चाप साधा की हलका; गोदामात कधी आली, कधी रवाना झाली; दुरुस्तीला परत आली होती का. सगळ्या मॉडेलांच्या सगळ्या वह्या उरलेल्या नाहीत. ज्या आहेत त्या बहुतेक विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांवर थांबतात. तरीही पत्रात ‘अष्टकोनी नळी’ असेल आणि हातातल्या रायफलीची नळी गोल असेल, तर वाद संपतो. उलट, नळी नंतरची दिसते पण पत्रात ‘परत आली, दुरुस्त झाली’ अशी नोंद आहे, तर बदल कारखान्यानेच केलेला असू शकतो आणि किंमत फारशी पडत नाही.

या वह्यांचं महत्त्व ‘वन ऑफ वन थाउजंड’ रायफलींच्या बाबतीत सगळ्यात जास्त कळतं. चाचणीत ज्या नळ्यांचा नेम विलक्षण अचूक निघे, त्या निवडून खास सजवलेल्या रायफली कंपनीने १८७५च्या कॅटलॉगात १०० डॉलरला जाहीर केल्या. १८७३च्या मॉडेलमध्ये अशा सव्वाशे ते दीडशेच बनल्या. १९५०मध्ये जेम्स स्ट्युअर्टचा ‘विंचेस्टर ’७३’ हा चित्रपट आला तेव्हा प्रसिद्धीसाठी स्टुडिओने त्यांचा देशभर शोध घेतला आणि कित्येक घरांतून त्या उजेडात आल्या. तोवर बऱ्याच मालकांना आपल्याकडे काय आहे याची कल्पना नव्हती. नंतर तीच अक्षरं साध्या नळीवर कोरून विकणारेही निघाले. आज वहीत नोंद नसेल तर कोरलेल्या अक्षरांवर कुणी जाणता माणूस पैसे लावत नाही.

कागदाचं वजन किती, याचं एक टोकाचं उदाहरण: २०१६मध्ये रॉक आयलंड ऑक्शनमध्ये १८८६ मॉडेलची पहिल्या क्रमांकाची रायफल १२,६५,००० डॉलरला गेली. अपाची योद्धा जेरोनिमो याचा पाठलाग करणाऱ्या मोहिमेतले कॅप्टन हेन्री लॉटन यांना ती भेट मिळालेली होती आणि तिची मालकी कागदोपत्री सिद्ध होती. ‘ही अमुक डाकूची’ अशी नुसती तोंडी कहाणी मात्र बाजारात शून्य मोलाची. अमेरिकी संग्राहक एकमेकांना बजावतात, की पैसे बंदुकीचे द्या, गोष्टीचे देऊ नका.

झाडाला टेकून राहिलेली रायफल

नोव्हेंबर २०१४मध्ये नेवाडातल्या ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात पुरातत्त्व पथक पाहणी करत होतं. ज्युनिपरच्या एका झाडाला १८७३ची विंचेस्टर टेकवून ठेवलेली दिसली. दस्ता उन्हापावसाने करडा पडून तडकलेला, बूड मातीत रुतलेलं, नळी तांबूस गंजलेली. करड्या खोडाला टेकलेली करडी रायफल, त्यामुळे कुणाच्या नजरेस पडली नव्हती. क्रमांक वाचता आला. कोडीच्या वहीत नोंद मिळाली: १८८२मध्ये बनली आणि रवाना झाली. कुणाला विकली, ते वहीत नाही.

कोडीच्या तज्ज्ञांनी तिचा एक्स-रे काढला, तेव्हा दस्त्याच्या बुडातल्या छोट्या कप्प्यात एक काडतूस दिसलं. ते १८८७ ते १९११ या काळात बनणाऱ्या प्रकारचं निघालं, म्हणजे रायफल झाडाला टेकवली गेली ती १८८७नंतर कधीतरी. तज्ज्ञांनी पुढे काय केलं, ते प्रत्येक संग्राहकाने लक्षात ठेवावं असं आहे. गंज काढला नाही, दस्ता जोडला नाही, तेल-पॉलिश लावलं नाही. सुटणारे लाकडाचे कपचे जागच्या जागी स्थिर केले आणि झीज थांबवली, एवढंच. तिला चकचकीत केलं असतं तर १८७३ मॉडेलच्या सात लाखांत ती आणखी एक ठरली असती.

दुर्मिळ आणि नुसती जुनी

वय एकट्याने किंमत देत नाही. १८९४ मॉडेलच्या लाखो रायफली शंभरीच्या आहेत आणि साध्या दरात मिळतात. साध्या मॉडेलात मागणीवरून केलेले बदल, म्हणजे नेहमीपेक्षा लांब किंवा आखूड नळी, अर्धी अष्टकोनी-अर्धी गोल नळी, कोरीव काम, निवडक अक्रोडाचा दस्ता, किंमत चढवतात. अट एकच, ते कारखान्यातले असावेत. विंचेस्टरसाठी कोरीव काम करणाऱ्या उलरिक घराण्याची सही असली तर प्रश्नच नाही. हेन्रीचे बहुतेक रिसीव्हर पिवळे. लोखंडी फक्त काहीशे. चांगल्या स्थितीतली साधी हेन्रीही आज कित्येक हजार डॉलरला जाते, लोखंडी तर त्याहून वरच.

याच्या उलट अनुभव स्मृती-आवृत्त्यांचा. १९६४पासून विंचेस्टरने १८९४ मॉडेलच्या सोनेरी मुलाम्याच्या, पदक जडवलेल्या खास रायफली काढल्या. १९६६च्या शताब्दी आवृत्तीच्याच लाखभर बनल्या. लोकांनी गुंतवणूक म्हणून त्या खोक्यातून न काढता ठेवल्या. सगळ्यांनीच ठेवल्या, म्हणून आजही त्या भरपूर आहेत आणि महागाई वजा केली तर अनेकांच्या हाती काही लागलेलं नाही. त्याच सुमारास, १९६४मध्ये, कारखान्याने घडणीत काटकसर केली. संग्राहक ‘६४च्या आधीची’ आणि ‘नंतरची’ असा भेद करतात आणि पैसेही त्याप्रमाणेच देतात.

कायद्यानेही एक रेघ ओढली आहे. अमेरिकेच्या १९६८च्या संघीय कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक ‘अँटिक’ धरली जाते आणि तिच्या खरेदी-विक्रीवरचे बरेच संघीय निर्बंध सुटतात. त्यामुळे डिसेंबर १८९८मधली रायफल, जानेवारी १८९९मधल्या हुबेहूब तशाच रायफलीपेक्षा अनेकदा महाग.

एक गोष्ट सुरक्षिततेची. काळ्या दारूच्या काळातल्या यंत्रात आजची जोरकस काडतुसं घालू नयेत. जुनं लोखंड आणि तो सांधा त्या दाबासाठी बनलेलाच नाही.

आपल्या घरात निघाली तर

भारतात हा छंद अमेरिकेसारखा मोकळेपणाने करता येत नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार चालू स्थितीतली बंदूक कितीही जुनी असली तरी परवाना लागतो. तो जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त देतात. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात, आणि वारशाने आलेल्याही त्यातच मोजतात. कालबाह्य किंवा पुरातन मोलाची, पण दुरुस्त करूनही न चालणारी बंदूक कायद्याच्या सवलतीत येते, पण ती तशी आहे हे घरच्या घरी ठरवू नये. शंभर वर्षांवरची कलात्मक किंवा ऐतिहासिक मोलाची वस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते आणि ती खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही.

संस्थानी काळात शिकारीसाठी आणलेली विलायती-अमेरिकी हत्यारं आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतून अजून निघतात. पणजोबांच्या ट्रंकेत अशी रायफल सापडली तर ती भरलेली आहे असं समजूनच वागा, चाप-लिव्हर हलवून पाहू नका, पोलीस ठाण्याला कळवा आणि परवान्याचे जुने कागद शोधा. दिसतील ते आकडे आणि अक्षरं लिहून घ्या, फोटो काढा. आणि जाणकाराने पाहीपर्यंत तिच्यावर रॉकेल, सँडपेपर किंवा पॉलिशचा बोळा फिरवू नका.